पळवलेली पोरं : वऱ्हाडातल्या मैदानांचा एक हिशेब

१४ ऑगस्ट १९३६. बर्लिनमध्ये धो धो पाऊस पडत होता. ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलेल्या बास्केटबॉलचा अंतिम सामना टेनिसच्या मातीच्या कोर्टावर ठेवला होता आणि त्या मातीचा चिखल झाला होता. चेंडू आपटला की तिथेच रुतून बसे. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. खेळाचे जनक जेम्स नायस्मिथ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आपल्या खेळाचा हा सोहळा पाहायला मुद्दाम बर्लिनला आले होते. दुसऱ्या दिवशी ध्यानचंदच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे लोळवले. तो सामना आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलेही उघड्या अंगाने मैदानात उतरली होती. हुतूतू, खो-खो आणि मल्लखांब हे त्यांचे खेळ होते.

त्यांना पदक नव्हते, कारण त्यांची स्पर्धाच नव्हती. ते प्रात्यक्षिक होते. अमरावतीत या दौऱ्याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात आणि दर पिढीत त्यात थोडी भर पडते. कुणी कुणाची पाठ थोपटली, कोण खुर्चीतून उठून उभे राहिले, हे ऐकताना मला नेहमी थोडे अवघडायला होते, कारण पाठ थोपटणारा म्हणून ज्याचे नाव घेतात त्याची थाप मिरवावी अशी नव्हती. मला त्या दौऱ्यातला दुसराच प्रश्न छळतो. बास्केटबॉलचे वय तेव्हा अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत, हिवाळ्यात घरात कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांना गुंतवण्यासाठी नायस्मिथनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले. हुतूतूचे वय कुणी मोजलेले नाही. मग टोपलीच्या खेळाला पदक आणि दमाच्या खेळाला टाळ्या, असे का?

मोठ्या देशाचा खेळ म्हणून, असे उत्तर देता येते आणि त्यात खोटे काही नाही. पण ते अपुरे आहे. स्प्रिंगफील्डची ती शाळा खेळाडू घडवत नव्हती, ती शिक्षक घडवत होती. तिथून बाहेर पडलेला प्रत्येक जण खिशात तेरा नियम घेऊन जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात गेला. भारतात हे काम मद्रासला झाले. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये तिथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि दक्षिणेतल्या शाळांना व्हॉलीबॉल, बास्केटबॉल शिकवणारे मास्तर तिथून मिळू लागले. खेळ चेंडूवरून पसरत नाही, मास्तरावरून पसरतो. वऱ्हाडात हे ज्यांना सर्वांत आधी कळले ते अंबादासपंत आणि अनंतपंत हे वैद्य बंधू.

हनुमान आखाडा सुरू झाला १९१४ मध्ये. वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटले. अमरावती हे टिळकांचे जवळचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचे गाव. १८९७ चे काँग्रेसचे अधिवेशन याच गावात झालेले. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले तेही याच वर्षी. वऱ्हाड त्या वेळी कागदोपत्री निजामाचा, भाडेपट्ट्याने इंग्रजांचा आणि कारभारापुरता मध्य प्रांताला जोडलेला, असा तीन घरचा पाहुणा होता. अशा मुलखातल्या तरुणांना आपले म्हणावे असे काही तरी हवे होते, आणि लाल मातीचा हौद हे त्याला सगळ्यांत स्वस्तात मिळणारे उत्तर होते.

तालमी तर वऱ्हाडात आधीपासून होत्या. प्रत्येक वेशीला एक, प्रत्येक पुऱ्याला एक. तालमीत फी नव्हती. नागपंचमीला हौदाची पूजा व्हायची, गुरुपौर्णिमेला वस्तादाला नारळ आणि पंचा. पोरगा कोणत्या तालमीचा हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरे. एका वस्तादाकडे अंग कमावून दुसऱ्याच्या हौदात उतरणे हा गुन्हा नसला तरी त्याहून वाईट काही होते, ती बेइमानी होती. अशा पोरामुळे दोन पुरे वर्षानुवर्षे एकमेकांच्या गणपतीला गेले नाहीत, हे मी माझ्या आजोळी पाहिले आहे. खेळाडूच्या ‘भरती’विषयीचा आपल्याकडचा सर्वांत जुना नियम हा, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

वैद्य बंधूंनी हा साचा मोडला, आणि मला वाटते त्यांचे खरे काम बर्लिनला जाण्याचे नसून हे आहे. त्यांनी आखाड्याचा वर्ग केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावचे मास्तर आणि विद्यार्थी अमरावतीला येत. मे महिन्यातली अमरावती म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक. पहाटे मैदान, दुपारी सावलीत पाठ, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि मग परत जाऊन आपापल्या गावात तेच शिकवायचे. वस्तादाची विद्या एका शागिर्दाच्या अंगात उतरत असे. वर्गाची विद्या वहीत उतरली आणि आगगाडीने इतर प्रांतांत गेली. शिवराम हरी राजगुरू काही काळ इथे व्यायामाचे शिक्षण घेत होते. इथे शिकलेला प्रत्येक जण क्रांतिकारक झाला नाही हे उघड आहे. बहुतेक जण हायस्कुलात ड्रिल मास्तर झाले, आणि माझ्या लेखी तेही कमी नव्हते.

वहीत उतरवायचे म्हणजे आधी नियम एक करायचे, आणि हुतूतूच्या बाबतीत तेच अवघड होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होई. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ संपेपर्यंत. अमरमध्ये गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजायचा. बंगालात नाव वेगळे, मद्रासकडे दम वेगळा. गावोगावच्या पोळ्याच्या स्पर्धेत निम्मा वेळ खेळण्यात आणि निम्मा वेळ ‘आमच्याकडे असे नसते’ या वादात जाई. शेवटी संजीवनी टिकली. बर्लिनच्या दोन वर्षांनंतर, १९३८ मध्ये, कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत कबड्डी आली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची आणि १९५५ मध्ये कलकत्त्याला महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. आशियाई खेळांत पदक मिळायला १९९० उजाडले. बर्लिनच्या चिखलातून बीजिंगपर्यंत चोपन्न वर्षे लागली.

आता कॉलेजांकडे वळतो, कारण आमची खरी भांडणे तिथली आहेत.

१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे पुढचे विदर्भ महाविद्यालय, सुरू झाले. तिथला खेळ बराच काळ वकील-जमीनदारांच्या मुलांचा राहिला. टेनिस, क्रिकेट, पांढरी पँट. चित्र पालटले ते पंजाबराव देशमुखांमुळे. त्यांच्या श्रद्धानंद छात्रालयाने आणि १९३२ च्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने कुणब्या-माळ्यांची, महारा-मांगांची पोरे शहरात आणली आणि जेवू घातली. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे या मुलांच्या पदव्या मोजतात. त्यांच्या मांड्या कुणी मोजल्या नाहीत. नांगरामागे चाललेले, विहिरीत सूर मारलेले, पोळ्याच्या दिवशी चार गावांच्या संघांशी भिडलेले हे पोरगे कॉलेजच्या मैदानावर आले आणि विद्यापीठाच्या कबड्डीचा चेहराच बदलला. बास्केटबॉलला पक्के कोर्ट लागते, बोर्ड लागते, कडे लागते. कबड्डीला चाळलेली माती, थोडे शेणखत, भुसा आणि चुन्याची रेघ पुरे. आमची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात बूट ओढून घेते, म्हणून मुरमाड जागा शोधावी लागे, एवढाच काय तो त्रास.

आणि मग हेरगिरी सुरू झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. प्रत्येक कॉलेजात एक फिजिकल डायरेक्टर असे. मुले त्यांना पी.टी. सर म्हणत. पोळा, गणपती, दत्तजयंती या दिवसांत हे सर लोक मोटारसायकलवर खेडी पालथी घालत. गॅसबत्तीच्या, पुढे हॅलोजनच्या उजेडात रात्रभर खुल्या स्पर्धा चालत. सर गर्दीत मागे उभे राहून बारावी नापास होण्याच्या बेतात असलेला एखादा चढाईपटू हेरत आणि पहाटे त्याच्या घरी चहा पीत असत. देण्यासारखे फार नसे. फी माफ, वसतिगृहात खाट, मेसचे दोन वेळचे जेवण, एक जोडी बूट. आणि आमिष एकच, पण मोठे : ‘कलर’. विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्याला जो कोट मिळे, त्याच्या जोरावर पोलिसांत, रेल्वेत, एसटीत अर्ज करता येत असे. कबड्डीच्या त्या पांढऱ्या रेघेपलीकडे पोरांना सरकारी नोकरी दिसायची.

मी स्वतः १९८१ ते ८४ अकोल्यात शिकलो आणि फार वाईट कबड्डी खेळलो. पण आमच्या संघाचा डावा कोपरा पाहण्यासारखा होता. त्याचे गाव मूर्तिजापूरच्या जवळ, म्हणजे अकोला आणि अमरावती यांच्या बरोबर मधोमध. मूर्तिजापूर हे ओढाओढीचेच गाव आहे. मोठी लाइन इकडून तिकडे जाते आणि शकुंतलेचे रूळ तिथून दोन दिशांना फुटत. त्याच्या घरी एकाच आठवड्यात दोन सर आले, सोमवारी अकोल्याचे, गुरुवारी अमरावतीचे. त्याच्या बापाने दोघांनाही एकच प्रश्न विचारला : “शिकवानं तं समजलं, पण पोट्ट्याले जेवाले काय देसान?” अकोल्याच्या सरांनी रविवारी मेसमध्ये गोड असते असे सांगितले. अमरावतीच्या सरांना ते सुचले नाही. असा तो आमचा झाला. अमरावतीकडे पुढे तीन वर्षे ‘आपलं पोट्टं पळवलं त्यायनं’ असे बोलले जाई. तो खरे तर कुणाचाच नव्हता.

या दोन शहरांचे वैर समजायला १९८३ साल ध्यानात घ्यावे लागते. त्याआधी पाचही पट्ट्यांची मुले नागपूर विद्यापीठाची. निवडीच्या वेळी नागपूरला जायचे तर अकोला-अमरावती एकाच डब्यात बसत, एकमेकांचा चिवडा खात आणि नागपूरकर आपल्याला संघात घेत नाहीत यावर त्यांचे एकमत असे. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झाले आणि समाईक शत्रू एका रात्रीत नाहीसा झाला. त्यात विद्यापीठाचे ठाणे अमरावतीत. अकोल्याला १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ मिळालेले होते, पण त्याने कला शाखेच्या पोराला कलर मिळत नव्हता. कमिशनर त्यांचा, विद्यापीठ त्यांचे, निवड समितीही त्यांचीच, असे अकोला म्हणे. अमरावती म्हणे, तुमच्याकडे मुख्य रेल्वे आहे, बाजार आहे, पैसा आहे. आमची मुले त्याच पैशावर नेता. दोन्हींत तथ्य होते. आम्ही डब्यात वेगळे बसू लागलो.

सामन्याला येणारे लोक कोण होते? अकोल्यात शेवटच्या श्रावण सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने राजराजेश्वराला आणतात. कुणाची कावड उंच, कुणाच्या मंडळाचे ढोल जास्त, यावर वर्षभर चर्चा चालते. तीच पोरे तेच ढोल घेऊन सामन्याला यायची. अमरावतीवाल्यांच्या घोषणा जास्त यमकदार असत, हे कबूल करायला हवे. कवींचे गाव ते. शिव्या मात्र आमच्या सरस. एकदा पंचाने लोण दिले नाही म्हणून सामना अर्धा तास थांबला, आणि त्या अर्ध्या तासात दोन्हीकडच्या समर्थकांनी एकाच गाडीवरची भजी संपवली. वऱ्हाडातले वैर बहुधा याच पातळीवर राहिले. शंभरेक किलोमीटरचे अंतर, घरोघरी सोयरीक. मामा इकडे आणि भाचा तिकडे. याच रस्त्याचा पंच्याहत्तर किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. आम्ही जुन्या खड्ड्यांतून एसटीने हरून परतलो आहोत, त्यामुळे त्या विक्रमाचे कौतुक आम्हाला जरा जास्तच.

अमेरिकेत अशीच एक जोडी आहे : ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना. दोन्ही विद्यापीठे काही मैलांवर, १९२० पासून बास्केटबॉलमध्ये एकमेकांविरुद्ध. तिथेही शाळकरी पोराच्या घरी दोन कोच चहाला, म्हणजे कॉफीला, येतात. पण त्या चहाभोवती कायदा उभा राहिला. कॉलेजच्या खेळांना शिस्त लावणारी संघटना १९०६ मध्येच झाली. कोच कितीदा भेटू शकतो, काय देऊ शकतो, पोराने सही केव्हा करायची, याचे जाडजूड नियम झाले. त्या नियमांनी एक चमत्कारिक अन्यायही पोसला. बहुतेक राज्यांत सर्वांत मोठा सरकारी पगार कॉलेजच्या कोचचा, आणि खेळणाऱ्या मुलाला मात्र हौशी राहण्याची सक्ती. २०२१ मध्ये स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची आणि २०२५ मध्ये थेट विद्यापीठाकडून मोबदला घेण्याची वाट त्या मुलांना खुली झाली. आमच्याकडे कोचला मोठा पगार कधीच नव्हता. आमचे पी.टी. सर स्वतःच्या खिशातून लिंबू आणि ग्लुकोज आणत. पण मुलाच्या बाजूने लिहिलेला कागदही नव्हता. सगळे तोंडी चाले, म्हणजे तालमीसारखेच, फक्त वस्तादाची जागा आता एका संस्थेने घेतली होती. वस्तादाला लाज वाटू शकते. संस्थेला वाटत नाही.

डाव्या कोपऱ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. १९८४ च्या जानेवारीत घोट्याची पकड करताना त्याचा गुडघा फिरला. त्या काळी गावठी उपाय, मग सरकारी दवाखाना, मग प्लास्टर. तो संघाबाहेर बाकावर बसून स्पर्धा संपली. जूनमध्ये तो वसतिगृहात परत आला तेव्हा त्याच्या खाटेवर दुसऱ्या कुणाची वळकटी होती. नवा चढाईपटू बुलढाण्याकडून आणलेला. आमच्या डाव्या कोपऱ्याला कुणी जा म्हटले नाही. मेसच्या यादीत त्याचे नाव नव्हते, एवढेच. कॉलेजचे नाव मी घेत नाही, कारण त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. आमच्या सरांनी दोन महिने त्याला घरचा डबा दिला आणि मग त्यांचेही हात टेकले. तो पदवी न घेता गावी गेला. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात त्या वर्षीची ढाल अजून आहे. ढालीवर कॉलेजचे नाव कोरलेले असते, खेळाडूंची नावे नसतात.

अमरावतीच्या मंडळाने १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय काढले आणि भरतीचा प्रवाह उलटा फिरवला, हे नोंदवायला हवे. इथे पोरे पळवून आणावी लागत नाहीत, ती लांबून आपण होऊन येतात. मणिपूर-मिझोरामची मुले अमरावतीत वर्षानुवर्षे शिकत आली आहेत. राजकमल चौकात एखादा मणिपुरी मुलगा अस्सल वऱ्हाडीत रिक्षावाल्याशी घासाघीस करताना ऐकू आला तर अमरावतीकर वळूनही पाहत नाही. त्याला खेळता येईनासे झाले तरी शिकवता येईल, असे शिक्षण त्याला मिळते. डाव्या कोपऱ्याला जे हवे होते ते हेच होते, असे मला आज वाटते. त्याला ते कुणी सुचवले नाही, आणि मीही नाही.

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनींनी निवडीची पद्धत बदलली. अमरावतीत धनुर्विद्या आली, अकोल्यात मुष्टियुद्ध. आता पोळ्याच्या रात्रीऐवजी उभी उडी, धावण्याच्या फेऱ्या आणि आठशे मीटर यांवर मूल पारखले जाते, आणि राहण्या-जेवण्याची सोय शासन करते. साताऱ्याच्या सरडे गावचा प्रवीण जाधव याच वाटेने अमरावतीला आला, प्रफुल्ल डांगे यांच्याकडे शिकला आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी खेळला. मे २०२५ मध्ये अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण मिळवले. बर्लिनला ज्या गावाने टाळ्या घेतल्या त्या गावाला आता पदके मिळतात, पण ती हुतूतूची नव्हेत. याचे दुःख करावे की आनंद, हे मला ठरवता आलेले नाही.

आणि हुतूतूची गोष्ट म्हणाल तर २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. माती गेली, मॅट आली, पायात बूट आले. पहिल्या लिलावात राकेश कुमारवर बारा लाख ऐंशी हजारांची बोली लागली तेव्हा आमच्या जुन्या संघातल्यांनी एकमेकांना फोन केले होते. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी दोन कोटी साठ लाखांवर पैसे मोजले गेले. लिलाव हा शब्द काहींना बोचतो. कापसाचा असतो, बैलांचा असतो, माणसांचा कसा? मला तो तितका बोचत नाही. त्यात निदान आकडा सगळ्यांसमोर बोलला जातो आणि करारावर खेळाडूची सही असते. आमच्या वेळची पळवापळवी दिसायला घरगुती होती, चहाची होती, आणि तिच्यात मुलाच्या हाती काहीच राहत नव्हते.

गेल्या डिसेंबरात डावा कोपरा मला त्याच्या शेतावर भेटला. थोडा लंगडतो. त्याची नात शाळेच्या संघातून जिल्ह्यावर खेळली आहे, डाव्याच कोपऱ्यात. घरी दोन सर येऊन गेले होते, एक अकोल्याचे आणि एक अमरावतीचे, आणि त्यांतल्या एका तर मॅडम होत्या. दोघांनीही फोनवर वसतिगृहाचे फोटो दाखवले, मॅटचे हॉल दाखवले, जेवणाचा तक्ता दाखवला. त्याने तक्ता वाचला आणि मॅडमना विचारले, “गुडघा मोडला तं मेस चालू राह्यते का बंद होते?”

मॅडम म्हणाल्या, लेखी विचारून सांगते.